पाठीवरचा चार दिवसांचा संसार
(युवक शाखेच्या गिरिभ्रमण सहलीपूर्वी मंडळाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आपल्या मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस दारातच अडवून विचारले, “काय हो, पिशवी भरावयाची कशी हे सांगण्यास व्याख्यान कशाला हवे? आमची आजी लग्नाच्या वऱ्हाडाची बांधाबांध एका सकाळीत करीत असे!” त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु वऱ्हाडाचे सामान बैलगाडीत जात असे. येथे बैलही आपण आणि गाडीही आपण.

येत्या डिसेंबरात युवक शाखेची चार दिवसांची पायी सहल राजगडावरून तोरण्याकडे व तेथून रायगडाकडे निघणार आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरील अळू दरवाजातून बाहेर पडून डोंगराच्या सोंडेवरून तोरण्याची बुधला माची गाठावयाची; मग मोहरी-सिंगापूरच्या पठारावरून बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरावयाचे; आणि १६७४ साली जेथे शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला त्या रायगडावर शेवटचा दिवस काढावयाचा, असा हा मार्ग आहे. ज्यांनी नाळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी, दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ म्हणजे नाळ. ह्या वाटेवर मधल्या टप्प्यांत दुकान नाही, दवाखाना नाही, आणि पुष्कळ अंतरापर्यंत पाणीही नाही. जे लागेल ते पाठीवर, आणि जे पाठीवर नाही ते नाहीच.

आपल्या वाडवडिलांस ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती. आळंदीहून पंढरपुरास सुमारे २५० किलोमीटर पायी जाणारा वारकरी खांद्यावर पडशी टाकी. एक खण पुढे, एक पाठीमागे. दोहोंकडे वजन सारखे, म्हणजे चालणारा ना पुढे झुकतो, ना मागे ओढला जातो. आमच्या आजोबांची पडशी आम्ही लहानपणी खुंटीवर पाहिली आहे. तिच्यात एक धोतर, एक पंचा, दशम्यांचे फडके, चंची आणि टाळ एवढेच मावे, आणि तेवढेच पुरे. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवीत, कारण ती दोन-तीन दिवस टिके. हा विचार कोणा परदेशी पुस्तकातून आलेला नव्हता. तो तोल आणि तो नेमकेपणा आपण मोटार व आगगाडी आल्यावर विसरलो. वळकटी आली, ट्रंक आली, हमाल आला, आणि ‘असू दे’ हा शब्द आला.

हा ‘असू दे’ शब्द आज आम्हांस मुख्यतः सांगावयाचा आहे. प्रवासास निघालेल्या मुलाची पिशवी भरताना प्रत्येक घरात तो ऐकू येतो. एक स्वेटर आहे, दुसरा असू दे. चिवडा आहे, चकल्याही असू देत. लोणच्याची बरणी असू दे, गावाला लागेल. मायेचा शब्द आहे, त्याची चेष्टा करणे सोपे आहे, आणि आम्ही ती तरुणपणी पुष्कळ केली. त्याचे काय झाले ते सांगतो. ही हकीकत आजवर आम्ही सभेत सांगितलेली नाही.

१९८४ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस आमचा सहाजणांचा गट ह्याच वाटेने निघाला होता. आम्ही त्या वेळी सव्वीस वर्षांचे, म्हणजे गटात वडील. आणि सर्वांत लहान आमचा भाचा, पंधरा वर्षांचा. त्याला नेण्याचे आम्ही ताईकडून मागून घेतले होते. निघण्याच्या आदल्या रात्री ताईने त्याच्या सॅकमध्ये पितळेचा फिरकीचा तांब्या पाण्याने भरून ठेवला. आज पुष्कळांना तो ठाऊक नसेल: झाकणास आटे असलेला, फिरवून घट्ट बसणारा, प्रवासात पाणी न सांडणारा तांब्या. रिकामाच पाऊण किलोचा तरी असेल. आम्ही म्हटले, “ताई, अगं त्याच्या गळ्यात एक लिटरची वॉटरबॅग आहे. आम्ही काय काशीयात्रेला निघालो आहोत?” ती म्हणाली, “असू दे रे. तहान काय सांगून येते?”

पहाटे ती चहा करीत असताना आम्ही तो तांब्या हळूच काढून पलंगाखाली सरकवला. त्याच्या जागी काय ठेवले? सहा सेलांचा टेपरेकॉर्डर. तांब्या जड होता म्हणून काढला, असे आम्ही स्वतःस सांगितले; टेपरेकॉर्डर त्याहून जड होता ही गोष्ट त्या वेळी ध्यानात आली नाही. आमच्या स्वतःच्या सॅकेत वातीचा स्टोव्ह, रॉकेलची बाटली, पाच किलो कांदे-बटाटे, पितळी परात आणि पत्त्यांचे दोन जोड होते. ताईचे ‘असू दे’ आम्हांस दिसले. आमचे स्वतःचे दिसले नाही.

पहिला दिवस गुंजवण्याहून राजगड चढण्यात गेला आणि रात्र पद्मावती देवीच्या देवळात गेली. वाटेत रॉकेलच्या बाटलीचे बूच सैल झाले. ती सॅकच्या वरच्या बाजूस होती आणि तिच्या खाली पोहे व दशम्या होत्या. एवढ्यावरून कल्पना यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्ह पेटण्यास व बटाटे शिजण्यास जो वेळ लागला त्यापायी अळू दरवाजातून बाहेर पडेतो नऊ वाजून गेले. मार्चअखेरीचे ऊन, दोन्ही बाजूंस दरी, वाळलेले गवत, झाड असे विरळाच. प्रत्येकाजवळ एक लिटर पाणी होते, ते अकराच्या सुमारास संपले.

भाचा सकाळपासून एकसारखा बोलत होता. त्याचे बोलणे थांबले, आणि ते थांबल्याचे आमच्या ध्यानात आले नाही, हा आमचा दुसरा अपराध. मग त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग तो एका दगडावर बसला आणि ओकला. डोके दुखते म्हणाला, आणि उठता येईना. आम्ही त्याची सॅक उघडली, तिच्यात टेपरेकॉर्डर वरच होता.

दोघेजण पाण्याच्या शोधात पुढे गेले. त्यांना सोंडेच्या एका बगलेस धनगराचे घर दिसले. पोराला दोघांच्या खांद्यांवर टाकून तेथवर नेण्यास पाऊण तास लागला. घरात एक म्हातारी एकटीच होती. तिने त्याला सावलीत निजविले, ओले फडके कपाळावर घातले, आणि पाणी एकदम न देता वाटीने घोटघोट दिले. मग मीठ घातलेले ताक दिले. आम्हां पाचजणांनाही पाजले. आमच्या सॅका ओळीने भिंतीस लावलेल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून ती म्हणाली, “एवढालं बोचकं पाठीवर, अन् पाणी न्हाई व्हय?”

तिच्या हंड्यातील पाणी आम्ही जवळजवळ संपविले होते. संध्याकाळी ती दोन हंडे घेऊन निघाली तेव्हा आम्ही मागोमाग गेलो. झरा अर्ध्या तासाच्या उतारावर होता. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर हंडा, आणि मान ताठ. आम्ही एक हंडा खांद्यावर घेऊन तिच्या मागून चढलो आणि तीन वेळा थांबलो. पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. कांदे-बटाटे मात्र घेतले. आम्ही पुण्याहून वाहून आणलेल्या सगळ्या सामानात तेवढे एक कोणाच्या तरी कामास आले.

तोरणा राहिला, रायगडही राहिला. पोराला हळूहळू खाली उतरवून एस.टी.ने आम्ही तिसऱ्या दिवशी घरी आलो. ऊन लागले, एवढेच ताईस सांगितले. तिने आम्हां दोघांना बसविले, आत गेली आणि पाणी आणले. फिरकीच्या तांब्यातून आणले. ज्या सकाळी आम्ही निघालो त्याच सकाळी केर काढताना तिला तो पलंगाखाली सापडला होता, हे आमच्या मेव्हण्यांनी पुढे सांगितले. ताई २०११ साली गेली. तोपर्यंत तिने आम्हांस त्या तांब्याविषयी एक शब्दही विचारला नाही. भाचा आज पन्नाशी ओलांडून समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची मुलगी ह्या सहलीस येणार आहे. म्हणून ही हकीकत आज सांगितली.

आता मूळ कामाकडे वळू.

ओझे किती असावे, ह्याविषयी गिरिभ्रमण करणाऱ्यांचा सर्वसाधारण ठोकताळा असा आहे की, ते स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. नवख्यांसाठी आम्ही सहावा हिस्सा धरतो. समजा एखाद्या मुलीचे वजन ४८ किलो आहे, तर तिच्या पाठीवर ८ किलो. ऐकण्यास पुष्कळ वाटते, नाही का? पण हिशेब करा. रिकामी सॅक दीड किलो. स्लीपिंग बॅग आणि खाली अंथरावयाची चटई मिळून दीड किलो. पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. पाण्याचे वजन कोणास कमी करता येत नाही. झाले सहा किलो. कपडे, खाणे, विजेरी, औषधे, ताटवाटी, सर्व मिळून उरले दोन किलो. ह्या दोन किलोंत बरणीस जागा कोठे आहे, ते माता-भगिनींनीच सांगावे. म्हणून धान्य व भांडी मोठ्या मुलांमध्ये वाटली आहेत, आणि दोन रात्रींचे जेवण वाटेवरच्या गावांत सांगून ठेवले आहे. ज्याच्याकडे शिधा आहे त्याचे ओझे रोज हलके होत जाते. ज्याच्याकडे पातेले आहे त्याचे तेवढेच राहते. तेव्हा रोज सकाळी निघताना वाटणी पुन्हा करावी. ही साधी गोष्ट न केल्याने सहलीत किती अबोले धरले जातात ते आम्ही पाहिले आहे.

पाणी मात्र ज्याचे त्याने वाहावयाचे. ते दोन-तीन बाटल्यांत असावे, एकाच बाटलीत नव्हे. एक फुटली तरी दुसरी राहते. पितळेच्या तांब्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. धातू जड हे आमचे १९८४ सालचे म्हणणे बरोबरच होते. चूक ही की, तांब्याबरोबर त्यातले पाणीही काढले. गडावरील टाक्यांचे पाणी गाळून व उकळून घ्यावे. जलसंजीवनीच्या पुड्या प्रत्येकाच्या खिशात असाव्यात. नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मुलांनी पाठ करावे. साखर-मिठाची पुडी शंभर ग्रॅमही भरत नाही. आमच्यापाशी त्या दिवशी तीही नव्हती.

सॅक भरण्याची रीत अशी. प्रथम आतून एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि सर्व सामान तिच्यात भरावे. सॅकचे कापड पावसात आणि दवात भिजतेच. तळाशी स्लीपिंग बॅग व रात्रीचे कपडे, कारण ते हलके आणि दिवसभर लागत नाहीत. जड वस्तू, म्हणजे शिधा, पातेले, जास्तीचे पाणी, मध्यभागी आणि पाठीस अगदी लागून. जड वस्तू पाठीपासून चार बोटे दूर गेली की ती माणसाला मागे ओढते. मग तो पुढे वाकून चालतो, आणि संध्याकाळी कंबर धरते. त्या धनगर म्हातारीच्या डोक्यावरचे हंडे कण्याच्या बरोबर वर होते, म्हणून तिची मान ताठ होती. आमच्या खांद्यावरचा एकच हंडा एका बाजूस होता, म्हणून आम्ही तीनदा थांबलो. वरच्या बाजूस पावसाचे अंगरखे, स्वेटर, औषधांची पेटी आणि दुपारचे खाणे. दोन्ही बाजूंच्या खिशांत पाण्याच्या बाटल्या, वजनाने सारख्या. पडशीचा नियम येथे पुन्हा येतो. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट बसवावा. ओझे कमरेने उचलावयाचे असते, खांद्याने ते फक्त सावरावयाचे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते पट्टा न बांधता चालतात आणि दुपारी खांदे चोळीत बसतात.

सॅकच्या बाहेर काहीही लटकवू नये: मग, चपला, ओला टॉवेल, काही नाही. बोराट्याच्या नाळेत उतरताना काही ठिकाणी कड्यास घासून जावे लागते. तेथे लटकणारी वस्तू खडकात अडकली तर ज्या बाजूस तोल जाईल ती बाजू बरी नव्हे.

कपड्यांविषयी फार सांगत नाही. सुती जीन्स नेऊ नये; भिजली की दुप्पट जड होते आणि दिवसभर वाळत नाही. पायमोजांचे तीन जोड न्यावेत, हे एक ‘असू दे’ आम्हांस मान्य आहे. बूट नवे घ्यावयाचे असतील तर आजच घ्यावेत आणि दोन-तीन आठवडे रोज वापरून पायाशी ओळख करून द्यावी. विजेरीतील सेल काढून ठेवावेत किंवा एक सेल उलटा घालावा, म्हणजे ती सॅकमध्ये आपोआप पेटून रिकामी होत नाही. मोबाईल न्या, परंतु दऱ्यांत त्याला आवाज मिळेलच असे नाही, म्हणून कागदी नकाशा आणि शिटी दोन्ही हवीत. शिटीचा आवाज दरीपार जातो, हाकेचा जात नाही. रोजचे औषध घेणाऱ्यांनी चार नव्हे, सहा दिवसांचे न्यावे आणि ते काय आहे हे एका सोबत्यास सांगून ठेवावे.

आणि अत्तर! मुलांनो, हसू नका. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात, आणि उग्र वास व धूर ह्या दोन गोष्टींनी ती उठतात. सेंटची बाटली, सुगंधी तेले, आणि ज्येष्ठांपैकी कोणी येणार असतील तर विडी, हे सर्व घरी. टेपरेकॉर्डरचे आजचे जे रूप आहे, गाणी वाजविणारा डबा, तोही घरी. त्याविषयी आम्ही अधिक बोलण्यास पात्र नाही.

खाण्यात दशम्या, गूळपोळ्या, शेंगदाणे-गूळ, खजूर, मेतकूट आणि डाळ-तांदळाचे भाजून ठेवलेले मिश्रण न्यावे. लोणचे न्यावे, पण बरणीत नव्हे. लहान डबीत, तिला दोन पिशव्यांत गुंडाळून. चिवड्यास आमचा विरोध आहे, कारण तो जागा फार खातो आणि तहान वाढवितो. परंतु ह्या सभागृहात ह्या मुद्द्यावर बहुमत आमच्या विरुद्ध जाईल असे दिसते. रिकाम्या पिशव्या, कागद, डबे, सर्व परत आणावयाचे. त्यासाठी एक वेगळी पिशवी सॅकमध्ये पहिल्या दिवसापासून असावी.

सॅक भरून झाली की ती पाठीवर घेऊन आपल्या इमारतीचा जिना तीन वेळा चढून उतरावा. घरातील वस्तू किती आवश्यक आहेत हे घरात बसून कळत नाही, तिसऱ्या फेरीत कळते. मग सॅक पुन्हा उघडावी.

आता व्यवस्थेचे सांगून संपवितो. निघण्याच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊ वाजता सर्वांनी भरलेल्या सॅका घेऊन ह्याच सभागृहात यावयाचे आहे. किराणा दुकानातून मोठा काटा मागवून ठेवला आहे. प्रत्येक सॅक तोलली जाईल, उघडली जाईल, आणि जास्तीचे काय ते येथेच ठरेल. मुलांबरोबर आयांनीही यावे, ही खास विनंती. घरातून कोणी काही ‘असू दे’ म्हणून घातले असेल, तर ते मुलांनी परस्पर काढून ठेवू नये. ते ज्यांनी घातले त्यांच्यासमोर काट्यावर ठेवावे, का घातले ते त्यांना विचारावे, आणि मग काढावयाचे की राहू द्यावयाचे ते दोघांनी मिळून ठरवावे. भाचा तो तांब्या घेऊन येणार आहे. तो सहलीस जाणार नाही, पण त्यात किती पाणी मावते ते ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाहून घ्यावे. सव्वा लिटरच्या थोडे वर भरते.